विश्लेषण : अर्धे भिंग झाकले तर प्रतिमाही अर्धी होते का? प्रकाशाचे धडे प्रयोगाशिवाय का कळत नाहीत?

एका बाजूला पेटता दिवा, मध्ये बहिर्वक्र भिंग (जुन्या पुस्तकांतले बहिर्गोल भिंग) आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद. कागदावर दिव्याची उलटी, स्पष्ट प्रतिमा पडली आहे. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. कागदावर काय दिसेल?

पुढे वाचण्याआधी मनाशी उत्तर ठरवा. बहुतेक जण सांगतात, की अर्धी प्रतिमा नाहीशी होईल. कुणी म्हणते वरची जाईल, कुणी म्हणते प्रतिमा उलटी असल्यामुळे खालची जाईल. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. प्रतिमा पूर्णच्या पूर्ण राहते, फक्त फिकी होते. दहावीत किरणाकृतीचे सगळे गुण मिळवून, पुढे इंजिनीअरिंगची पदवी घेतलेल्या प्रस्तुत लेखकाचे उत्तरही पहिल्यांदा चुकलेच होते.

पाठ्यपुस्तकातील आकृती अचूक काढता येते, सूत्रात आकडे घालून उत्तर येते, तरी समोर खरे भिंग ठेवले की अंदाज चुकतो. असे का होते? त्यावर उपाय काय? आणि घरातल्या साध्या भिंगाने व मोबाइलने हे कसे पडताळायचे? जाणून घेऊ या.

हा प्रश्न आला कुठून?

भौतिकशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांमध्ये हा प्रश्न प्रसिद्ध आहे. फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडरमॉट या अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिवा, भिंग आणि पडदा अशी खरी मांडणी ठेवली आणि त्यांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न साधे होते. भिंग काढून घेतले तर पडद्यावर काय दिसेल? अर्धे भिंग झाकले तर? पडदा काढून घेतला तर प्रतिमेचे काय होईल?

यातील अनेक विद्यार्थी प्रकाशाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले होते. तरीही भिंग काढले की प्रतिमा तिथेच राहील, फक्त सुलट होईल, असे काहींनी सांगितले. अर्धे भिंग झाकले की अर्धी प्रतिमा जाईल, असे अनेकांना वाटले. पडदा नसेल तर प्रतिमाही नसेल, हाही समज दिसला.

या उत्तरांमागे एक समान चित्र आहे. वस्तूची प्रतिमा जणू एखाद्या तयार छायाचित्रासारखी प्रवास करते, भिंगात शिरते, तिथे उलटी होते आणि पडद्यावर जाऊन चिकटते. तसे असते तर अर्धी वाट अडवल्यावर अर्धे चित्र अडकले असते. पण प्रकाश तसा वागत नाही.

मग प्रकाश वागतो कसा?

दिव्याच्या, झाडाच्या किंवा मोबाइलच्या पडद्याच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना पसरतो. एका बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या संपूर्ण पृष्ठभागावर पडतो: वरच्या कडेवर, मध्यावर, खालच्या कडेवर. भिंगाचे काम एवढेच, की त्या एका बिंदूपासून आलेला सगळा प्रकाश पुन्हा एका बिंदूत आणायचा. वस्तूच्या प्रत्येक बिंदूबाबत हेच घडते आणि अशा असंख्य बिंदूंची मिळून प्रतिमा तयार होते.

म्हणजे भिंगाचा कोणताही तुकडा घेतला तरी त्याच्यापर्यंत वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश पोहोचलेला असतो. वरचा अर्धा भाग झाकला तरी खालच्या अर्ध्या भागातून संपूर्ण वस्तूचा प्रकाश जातोच. तो निम्मा असतो, म्हणून प्रतिमा फिकी दिसते. पण कोणताही भाग गायब होत नाही.

आपल्या डोळ्यात हे रोज घडते. उन्हात गेल्यावर बाहुली आकुंचन पावते, म्हणजे भिंगाचा कडेचा भाग झाकला जातो. तरी समोरचे दृश्य कडेने कापले जात नाही. कॅमेऱ्यातील झडप लहान केली, तरी फोटो कापला जात नाही, कमी उजेडाचा येतो. उलट जवळच्या-दूरच्या अधिक वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसू लागतात.

किरणाकृतीत चूक आहे का?

चूक नाही, पण ती अपुरी वाचली जाते. महाराष्ट्राच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ असे लागोपाठ दोन धडे आहेत. किरणाकृतीसाठी ठरावीक नियम शिकवले जातात. मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण अपवर्तनानंतर नाभीतून जातो, प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण सरळ जातो, नाभीतून आलेला किरण मुख्य अक्षाला समांतर होतो. यातले कोणतेही दोन किरण काढले, की ते जिथे छेदतात तिथे प्रतिमा.

हे किरण निवडले जातात ते पट्टीने काढायला सोपे म्हणून. त्यांच्या आजूबाजूने असंख्य किरण गेलेले असतात. पण वहीत कायम दोनच रेघा काढणाऱ्या मुलाच्या मनात ठसते, की प्रतिमा ‘या दोन किरणांनी’ तयार होते. मग त्यातला एक किरण अडवला, की प्रतिमा बिघडणारच, असा निष्कर्ष तो काढतो. आकृतीत वस्तूचा बाणही फक्त टोकापुरताच विचारात घेतलेला असतो. बाणाच्या मधल्या बिंदूंचे काय, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

म्हणजे किरणाकृती हे प्रकाशाचे एक मॉडेल आहे. मॉडेल उपयोगी असते, पण ते म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. हा फरक मुलांना सांगून कळत नाही. तो दिसावा लागतो.

घरी करून कसे पाहायचे?

शालेय साहित्याच्या दुकानात मिळणारे वाचायचे भिंग, एक मोबाइल, पांढरा कागद आणि पुठ्ठ्याचा तुकडा एवढे पुरे.

पहिली पायरी : दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा. भिंग भिंतीसमोर धरून पुढे-मागे करा. बाहेरच्या लांबच्या झाडाची किंवा इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट झाली, की भिंग आणि भिंत यांतले अंतर मोजा. तेच त्या भिंगाचे नाभीय अंतर. समजा ते १० सेंमी आले.

दुसरी पायरी : रात्री खोलीत अंधार करा. मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ‘क’ अक्षर ठेवा, ब्राइटनेस पूर्ण करा. भिंगापासून मोबाइल ३० सेंमीवर, म्हणजे नाभीय अंतराच्या तिप्पट अंतरावर उभा करा. पलीकडे कागद साधारण १५ सेंमीवर धरला, की अक्षराची उलटी आणि निम्म्या आकाराची प्रतिमा मिळेल. सूत्रानेही हेच येते. मोबाइल २० सेंमीवर आणला, तर प्रतिमा पलीकडे २० सेंमीवर आणि अक्षराएवढीच.

तिसरी पायरी : आता अंदाज कागदावर लिहा आणि मग पुठ्ठा भिंगाला चिकटवून वरचा अर्धा भाग झाका. ‘क’ पूर्ण राहतो, फिका होतो. पुठ्ठ्याला मध्यभागी पेनच्या जाडीचे भोक पाडून तो भिंगावर धरला, तरी ‘क’ पूर्णच.

चौथी पायरी : तोच पुठ्ठा भिंगावरून काढून कागदाला टेकवा आणि निम्मी प्रतिमा झाका. आता मात्र ‘क’ अर्धा होतो. कारण कागदाजवळ प्रत्येक बिंदूचा प्रकाश आपापल्या जागी एकवटलेला असतो. पुठ्ठा तोच, पण जागा बदलली की परिणाम बदलतो. ‘प्रतिमा कुठे तयार होते’ या प्रश्नाचा अर्थ इथे उमगतो.

पाचवी पायरी : कागद बाजूला करा. त्याच रेषेत, कागद होता त्याच्या मागे साधारण ३० सेंमीवर डोळा ठेवून भिंगाकडे पाहा. ‘क’ अजून आहे, आणि तोही उलटा. प्रतिमा कागदामुळे तयार झाली नव्हती. कागद फक्त ती सगळ्यांना दिसावी म्हणून होता.

वाचताना भिंग झाकले, तर मात्र अर्धेच का दिसते?

हा प्रश्न चौकस मुले हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. वर्तमानपत्रावर भिंग धरून त्यातून अक्षरे वाचताना अर्धे भिंग झाकले, तर तेवढा मजकूर खरोखर दिसेनासा होतो. मग वरचे सगळे खोटे का?

नाही. फरक आहे प्रकाश कुणापर्यंत पोहोचतो याचा. कागदावरच्या प्रतिमेत भिंगाच्या प्रत्येक भागातून आलेला प्रकाश एकत्र येतो. वाचताना मात्र भिंगातून गेलेल्या प्रकाशापैकी आपल्या डोळ्याच्या काही मिलिमीटरच्या बाहुलीत शिरतो तेवढाच कामाचा. एखाद्या अक्षराचा बाहुलीपर्यंत पोहोचणारा प्रकाश भिंगाच्या एका छोट्या ठिकाणातून आलेला असतो. नेमके तेच ठिकाण झाकले, की ते अक्षर दिसत नाही.

दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी केले, की ‘वास्तव प्रतिमा’ आणि ‘आभासी प्रतिमा’ हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

म्हणजे प्रयोग दाखवला की काम झाले?

इथेच मेख आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर्गातील प्रात्यक्षिकांचा नेमका उपयोग काय होतो, हे तपासले. विद्यार्थ्यांचे गट केले. काहींना प्रात्यक्षिक दाखवलेच नाही. काहींना नेहमीसारखे दाखवून समजावले. काहींना आधी निकालाचा अंदाज नोंदवायला सांगितला. काहींनी अंदाज नोंदवून त्यावर आपसात चर्चाही केली.

निष्कर्ष शिक्षकांना विचार करायला लावणारा होता. नुसते प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांची समज, ते न पाहणाऱ्यांपेक्षा फारशी चांगली नव्हती. आधी अंदाज नोंदवणाऱ्यांची समज मात्र लक्षणीय सुधारली. त्यासाठी वर्गात जेमतेम काही मिनिटे जास्त लागली.

कारण सोपे आहे. अंदाज बांधलेला नसेल, तर डोळ्यांसमोर घडलेलेही आपण आपल्या जुन्या समजुतीत बसवून टाकतो. ‘क’ फिका झाला हे पाहून ‘हो, मला वाटलेच होते’ म्हणतो. अंदाज लिहिलेला असला, की तो चुकल्याचे मान्य करावे लागते आणि ‘असे का?’ हा प्रश्न पडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अंदाज, मग शेजाऱ्याशी वाद, मग प्रयोग आणि शेवटी किरणाकृती.

मग मॉडेलची गरज काय?

प्रयोग काय होते ते दाखवतो, का होते ते मॉडेल सांगते. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना का वळतो, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक जुने आणि सोपे मॉडेल आहे. एका काडीच्या दोन टोकांना दोन चाके बसवा. गुळगुळीत फरशीवर टर्किश टॉवेल पसरा आणि ही जोडी तिरकी टॉवेलकडे ढकला. जे चाक आधी टॉवेलवर चढते ते मंदावते, दुसरे अजून वेगात असते, म्हणून जोडी वळते. सरळ काटकोनात ढकलली, तर दोन्ही चाके एकाच वेळी मंदावतात आणि ती वळत नाही. वेग बदलला की दिशा बदलते, हे अपवर्तनाचे सार त्यातून कळते.

चष्म्याचे मॉडेल तर प्रत्येक घरात आहे. १० सेंमी नाभीय अंतराचे भिंग म्हणजे डोळा, भिंत म्हणजे दृष्टिपटल. खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट करा आणि भिंग भिंतीपासून १२.५ सेंमीवर न्या. प्रतिमा धूसर होते. हा निकटदृष्टिता असलेला डोळा. आता मायनस २ नंबरचा चष्मा भिंगाला लागून पुढे धरा. प्रतिमा पुन्हा स्पष्ट होते. भिंगाची शक्ती १० डायॉप्टर, चष्म्याची वजा २, बेरीज ८ आणि ८ डायॉप्टर म्हणजे १२.५ सेंमी. घरात वेगळ्या नंबरचा चष्मा असेल तर अंतर आधी काढा, मग पडताळा. पुस्तकातले उदाहरण आजोबांच्या किंवा ताईच्या चष्म्यावर सुटते.

मोबाइलवर करता येणारी मॉडेलेही आहेत. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील आभासी प्रयोग मोफत आहेत. भिंगाच्या प्रयोगात ठरावीक किरण दाखवायचे की अनेक, हे निवडता येते. ‘अनेक किरण’ निवडले, की दोन रेघांचा गैरसमज लगेच उघडा पडतो.

मात्र प्रत्येक मॉडेल कुठे तुटते, हेही सांगायला हवे. चाकांचे मॉडेल लोलकातून रंग वेगळे का होतात हे आपोआप सांगत नाही. किरणांचे मॉडेल अगदी अरुंद फटीतून प्रकाश का पसरतो हे सांगू शकत नाही, तिथे तरंगांचा विचार करावा लागतो. आणि पडद्यावरचा आभासी प्रयोग कधीच बिघडत नाही. खरे भिंग मात्र कडेला रंगीत झालर दाखवते, थोडे तिरके धरले तर प्रतिमा फाकते. त्यातूनही शिकायला मिळते.

शाळांत अडते कुठे?

दहावीच्या विज्ञानात दोन्ही भागांच्या लेखी परीक्षेला ४०-४० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात. म्हणजे प्रात्यक्षिक कागदावर आहे. पण त्याचे स्वरूप बहुतेकांना आठवत असेल. उत्तर आधीच माहीत असते, रीडिंग त्याला जुळवले जाते आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून पूर्ण होते. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेतही आम्ही रीडिंग मागून लिहिली आहेत. अशा प्रयोगात अंदाज चुकण्याची सोयच नसते, म्हणून समज बदलण्याचीही नसते.

दुसरी अडचण वेळेची. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि संपवायचा अभ्यासक्रम, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. पण अर्ध्या भिंगाच्या प्रयोगाला साठ भिंगे लागत नाहीत. एक भिंग, एक मोबाइल आणि अंधारलेला वर्ग पुरतो. हात वर करून अंदाज नोंदवायला दोन मिनिटे, शेजाऱ्याशी चर्चेला तीन, प्रयोगाला पाच. उरलेल्या वेळात त्याच बिंदूपासून दोनऐवजी दहा किरण काढायचे.

तिसरी अडचण प्रश्नपत्रिकेची. परीक्षेत ‘किरणाकृती काढा’ एवढेच विचारले जाणार असेल, तर वर्गात तेवढेच शिकवले जाते. ‘अर्धे भिंग झाकल्यास प्रतिमेत काय बदल होईल? कारण लिहा’ असा दोन गुणांचा प्रश्न अभ्यासाची दिशा बदलू शकतो.

आपल्याकडे असे काम झाले आहे का?

झाले आहे, आणि बरेच. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सरकारी शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनीअर असलेले अरविंद गुप्ता सत्तरच्या दशकात रजा घेऊन तिथे गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी करण्यालाच त्यांनी वाहून घेतले. पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी हे काम मुलांपर्यंत नेले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आरसे, पाण्याचे थेंब, जुन्या सीडी यांच्यापासूनची त्यांची खेळणी इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

मुंबईत मानखुर्द येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र मुलांना विज्ञान कुठे अडते, याच प्रश्नावर संशोधन करते. म्हणजे माहिती, साहित्य आणि अनुभव उपलब्ध आहेत. कमी आहे ती वर्गातली दहा मिनिटे आणि परीक्षेतला एक प्रश्न.

काय काळजी घ्यावी?

भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. भिंग उन्हात, खिडकीत किंवा कागदांजवळ ठेवू नये, आग लागू शकते. बाजारातील लेझर पॉइंटरची खरी क्षमता वेष्टनावर लिहिल्यापेक्षा जास्त असू शकते, म्हणून मुलांच्या हाती तो देऊ नये. शिक्षकांनी वापरला, तरी डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली आणि आरशा-स्टीलच्या भांड्यांपासून दूर वापरावा. वर दिलेल्या सगळ्या प्रयोगांना मोबाइलचा पडदा आणि खिडकीतला उजेड पुरतो.

पालकांनी काय करावे?

घरात दहावीचे मूल असेल, तर आज रात्री किरणाकृती पुन्हा काढायला सांगण्याऐवजी वरचा प्रश्न विचारून पाहा. उत्तर लगेच सांगू नका. आधी अंदाज लिहून घ्या, स्वतःचाही लिहा, मग दिवा मालवून भिंग धरा. दोघांचेही अंदाज चुकले, तरी हरकत नाही. पुढच्या वेळी वहीत दोन किरण काढताना मधले न काढलेले किरणही मुलाच्या डोळ्यांसमोर येतील आणि धड्यातून शिकायचे होते ते नेमके हेच.